हिरवा ठिपका

दोष अण्णांचा होता. भुताचा नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमचे मालक ही गोष्ट सांगतात तेव्हा अण्णांना ‘बिचारे’ म्हणतात. रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की मालक एक ट्यूब सोडून सगळे दिवे घालवतात, नव्या पोरांना समोर बसवतात आणि आवाज बारीक करून सुरू होतात, “माझ्या ओळखीतल्या एका घरात घडलेलं आहे हे...” पोरं टरकतात. मालकांना बरं वाटतं. वडीलधाऱ्यांच्या भुताच्या गोष्टी ऐकल्यात ना तुम्ही? सगळ्या एकाच मापाच्या. भूत वाईट आणि घरातली मोठी माणसं बिचारी. मेलेला काही जाब विचारायला येत नाही, असा त्यांचा समज असतो.

घडलं ते टेस्टरच्या बाबतीत. टेस्टर म्हणजे आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला मेकॅनिक. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला, म्हणून ते नाव. कॉलेज आम्ही दोघांनी एकाच वर्षी सोडलं. तो खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायला डोक्यात जरा रंग लागतात, ते त्याच्याकडे नाहीत. त्याने मला सांगितलं ते असं.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार होता. दुकान आवरता आवरता मालक त्याला म्हणाले, “जाता जाता एक घर करून जा. कॉम्प्युटर झोपत नाही म्हणतायत.”

“झोपत नाही म्हणजे?”

“स्लीपला टाकला की आपोआप उठतो. तासाभराचं काम. आणि नीट बोल तिथे, वडीलधारे आहेत.”

घर पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. दार उघडलं ते अण्णांनीच. त्यांनी आधी टेस्टरकडे पाहिलं नाही, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“साडेसातची वेळ दिली होती.”

“हो, जरा रस्त्यात...”

“सबबी मला पाठ आहेत. जन्मभर कारखान्याच्या गेटवर हजेरी घेतली आहे मी. शिक्षण किती?”

“दुसऱ्या वर्षाला सोडलं.”

“वाटलंच.”

टेस्टरला या ‘वाटलंच’ची सवय आहे. मलाही आहे. त्याने चपला काढल्या आणि आत गेला. एक गोष्ट मात्र त्याच्या डोळ्यांत भरली. अण्णांच्या वाळक्या मनगटावर ते घड्याळ शोभत नव्हतं. जाड काळा पट्टा, मोठी तबकडी, लाल सेकंदकाटा. पंचविशीतल्या पोराने हौसेने घ्यावं तसं.

मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, उजेड काय तो स्क्रीनचाच. टेबलावर दोन स्क्रीन, खाली कॅबिनेट आणि यूपीएस. टेबलासमोर चाकांची ऑफिसखुर्ची होती, अगदी खाली बसलेली, लहान मुलाची असावी इतकी. तिच्यावर कोणी नव्हतं. शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर घरातली धाकटी मुलगी बसली होती. विशीची असेल. डोळ्यांखाली इतकं काळं, की टेस्टरला आधी वाटलं हिला कोणी मारलंय.

“ऐक,” अण्णा म्हणाले. “शटडाउन करायचं नाही. रीस्टार्ट करायचं नाही. प्लगला तर हातच लावायचा नाही. फक्त झोप दुरुस्त करायची.”

“रीस्टार्ट न करता कसं...”

“पासवर्ड नाही आमच्याकडे.”

“कुणाचा पासवर्ड?”

अण्णांनी घसा साफ केला. उत्तर धाकटीने दिलं. “दादाचा.”

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. तो घरी बसून रात्रपाळी करायचा. कुठल्या तरी पूर्वेकडच्या देशातली बंद दुकानं कॅमेऱ्यातून बघत बसायचं, कोणी घुसलं तर कंपनीला कळवायचं. रात्री दहा ते सकाळी सहा, रिकामी दुकानं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ठिपका. माऊस हलत राहिला की ठिपका हिरवा, माणूस जागेवर आहे. जरा वेळ हलला नाही की ठिपका लाल, आणि कंपनीचा फोन. अण्णांना ही पद्धत फार आवडायची. दिवसाही जादा पाळी मिळते म्हटल्यावर त्यांनी तीही घ्यायला लावली. “तरुण वयात झोप कसली,” म्हणायचे. दिवाणखान्यातली खाट त्यांनी पोराच्या दाराबाहेर आणून टाकली. आत जरा शांत वाटलं की दार वाजायचं. ऊठ.

ऑक्टोबरात तो त्याच खुर्चीत गेला. कपाळ कीबोर्डवर. सत्ताविसावं वर्ष. डॉक्टर म्हणाले, हृदय.

त्याला नेलं तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. ठिपका हिरवा होता. आणि आता नीट वाचा, कारण मालक हा भाग घाईत उरकतात. अण्णांनी कंपनीला कळवलं नाही. कंपनी कुणाचा चेहरा बघत नाही, फक्त ठिपका बघते. पोराचं सगळं आटोपून आठवडाही झाला नव्हता. अण्णांनी धाकटीचं कॉलेज थांबवलं आणि तिला टेबलाशी बसवलं, भावाच्या नावावर. आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे मध्ये पडायला कोणी नव्हतं. पासवर्ड फक्त त्याला माहीत होता, म्हणून मशीन बंद करता येत नव्हतं. एकदा बंद झालं की संपलं. तेवढी एक सोय त्याने करून ठेवलेली, झोपेतून उठवलं की पासवर्ड विचारायचा नाही. म्हणून फक्त झोपवता येत होतं.

आणि तेच झोपत नव्हतं.

“मशीनला विश्रांती हवी,” अण्णा म्हणाले. “दिवसरात्र चालू राहिलं तर जळेल. आठ तास तरी ते शांत पडलं पाहिजे. जिवाला झेपेल एवढंच काम घ्यावं कोणाकडूनही.”

टेस्टरने मुलीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. अण्णांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं नसावं. ते बाहेर जाऊन खाटेवर बसले.

दार लोटल्याबरोबर ती पुढे झुकली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “याला झोपवा. पाया पडते तुमच्या.”

“अहो, होईल. साधं असतं हे.”

“आधीचे दोघंही हेच म्हणाले. सकाळी पाळी संपली की मी स्लीपला टाकते. आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच पंखा घरघरतो. अण्णांना ऐकू जातं. मग दार. ‘मशीन उठलं, काम असेल, तू पण ऊठ.’ रोज. दिवसभर. काल मी जिन्यात उभ्या उभ्या झोपले. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि... कपाळाला चटका बसल्यावर कळलं.” तिने केस बाजूला केले. “दादाचंही शेवटी असंच व्हायला लागलं होतं. मला माझे दिवस दिसतायत हो.”

टेस्टर कामाला लागला. त्याला दुसरं काय येतं?

आधी त्याने मशीनलाच विचारलं. तशी एक ओळ टाइप करता येते, शेवटचं कोणी उठवलं ते मशीन सांगतं. उत्तर आलं, माऊस. तो हसला. “बघा. टेबल हलतं, माऊस सरकतो, मशीन उठतं. एवढंच.” माऊसची उठवण्याची परवानगी त्याने काढून घेतली. मशीन झोपवलं. पंखा थांबला. कॅबिनेटवरचा छोटा दिवा सावकाश विझू-पेटू लागला, झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते तसा.

दोघं बघत राहिले. मुलीची मान हळूहळू खाली आली.

घर्रर्र.

“मशीन उठलं!” बाहेरून अण्णा. दारावर दोन थापा.

“काम चालू आहे अण्णा,” टेस्टर ओरडला.

पुन्हा विचारलं. माऊस. परवानगी नसताना. मग त्याने ठराविक वेळी उठवणारे गजर पाहिले. एकही नव्हता. नेटची केबल काढली, पाळी सुरू व्हायला अवकाश होता. झोपवलं. उठलं. माऊस. यूएसबीची वीज तोडली. उठलं. माऊस. आता त्याला घाम फुटला होता, पण तो रागाचा. त्याने माऊसची वायर उपटली, गुंडाळली आणि माऊस शर्टाच्या खिशात टाकला. कीबोर्डही काढला.

“आता कोण उठवतं बघू याला.”

कॅबिनेटचं बटण दाबलं. पंखा थांबला. पाय भरून आले होते, म्हणून त्याने खुर्ची ओढली.

“तिच्यावर नको,” ती पटकन म्हणाली.

“का?”

“लिव्हर तुटलाय तिचा. कोणी बसलं की खाली जाते. उठलं की आपोआप वर येते.”

“मग आत्ता खाली का आहे?”



टेस्टर उभाच राहिला.

दिवा विझत होता. पेटत होता. विझत होता...

घर्रर्र.

स्क्रीन उजळली. त्याने कीबोर्ड जोडला. बोटं चुकत होती. ओळ टाइप केली. उत्तर आलं.

माऊस.

त्याने खिसा चाचपला. माऊस खिशातच होता.

आणि स्क्रीनवरचा बाण हलला.

एवढासा. एक झटका, मग थांबला. पुन्हा एक झटका. पुन्हा थांबला. कोणी हाताने हलवावा तसा नाही. मोजून. एका लयीत.

मुलगी स्टुलावरून उठली. “घड्याळ,” ती म्हणाली.

“काय?”

“दादा माऊसखाली घड्याळ ठेवायचा. अगदी असह्य झालं की. सेकंदकाटा खालून फिरतो ना, माऊसच्या उजेडाला वाटतं हात हलतोय. बाण असाच... असाच हलायचा. ठिपका हिरवा राहायचा. तेवढ्यात तो खुर्चीतच जरा डोळा लावून घ्यायचा.” तिचा श्वास लागला होता. “अण्णांनी पकडलं. ‘माझ्या घरात हजेरीची चोरी?’ म्हणाले. घड्याळ काढून घेतलं. ते आता त्यांच्या हातात असतं. त्यानंतर दादा दोन आठवडेसुद्धा...”

ती थांबली. बाणाकडे बघत राहिली.

“मला डुलक्या लागतात,” ती हळूच म्हणाली. “रोज रात्री. कधी कधी तासतास. जागी होते तेव्हा वाटतं, संपलं, आता फोन येणार. पण ठिपका हिरवाच असतो. एवढ्या महिन्यांत कंपनीचा एकही फोन नाही आला. एकही. मला वाटायचं, नशीब.”

बाण हलला. थांबला. हलला.

“म्हणजे माझी पाळी दादाच करत होता. मला मशीनने कधी उठवलंच नाही,” ती म्हणाली. “मला फक्त अण्णांनी उठवलं.”

टेस्टर म्हणतो, त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. ती रडली नाही, घाबरलीही नाही. भिंतीला टेकत टेकत खाली बसली, फरशीवर आडवी झाली, हात डोक्याखाली घेतला. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, “मी जरा पडते रे.”

आणि झोपली.

दहा वाजत आले होते. टेस्टरने नेटची केबल परत लावली. का लावली, ते त्याला आजही सांगता येत नाही. ठिपका उगवला. हिरवा.

दार उघडलं.

“दहा वाजले,” अण्णा म्हणाले. “ही खाली का लोळतेय?”

“झोपू द्या तिला.”

“तू मेकॅनिक आहेस. मशीनचं बघ.”

“मशीन चालू आहे. ठिपका हिरवा आहे. तुम्हाला तेवढंच पाहिजे ना? बघा.”

“माऊस कुठे आहे?”

“माझ्या खिशात.”

अण्णांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग मनगटाकडे. लाल काटा पुढे सरकला, बाणही सरकला. काटा. बाण. काटा. बाण.

दुसरा कोणी असता तर तिथेच खाली बसला असता. पण अण्णांसारखी माणसं कधी बसत नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना उठवायचीच सवय. ते वाकले आणि मुलीच्या खांद्याला हात लावला.

“ऊठ.”

स्क्रीन गेली.

पंखा थांबला. खोलीत मिट्ट काळोख. खिडकीला कागद, बाहेरचा दिवा नाही. फक्त कॅबिनेटवरचा तो ठिपक्याएवढा उजेड. पेटला... विझला.

अण्णांचा श्वास ऐकू येत होता. जड. मुलीचा ऐकू येत होता. मंद. टेस्टरने स्वतःचा रोखून धरला होता.

तरी अजून एक होता.

खुर्चीकडून.

दिवा पेटला की आत. विझला की बाहेर.

अण्णांनी हात मागे घेतला. स्क्रीन उजळली. खुर्ची रिकामी. खाली बसलेली. बाण हलत होता. ठिपका हिरवा.

टेस्टर म्हणाला, “अण्णा, चला बाहेर. हात जोडतो.”

“मला शिकवू नकोस,” अण्णा म्हणाले. आवाज फाटला होता. तरी पुन्हा वाकले.

काळोख.

मुलगी हलली नाही. या वेळी अण्णा तिला काही बोललेच नाहीत. काळोखात त्यांचं तोंड खुर्चीकडे वळलं असावं. कारण आवाज तिकडे गेला. तोच. रोजचा. हजेरीचा.

“ऊठ.”

शांतता...

पेटला. विझला.

पेटला.

विझला.

मग...

फुस्स्स्.

खुर्ची वर आली.

सावकाश. शेवटपर्यंत.

चाकं कुरकुरली. एकदाच. मागे.

“नको,” अण्णा म्हणाले. “नको... मी तुझा...”



टेस्टरने काही पाहिलं नाही. मालक इथे पांढरा चेहरा, लाल डोळे वगैरे घालतात, ते सगळं मालकांचं. टेस्टरने फरशी चाचपत मुलीचा हात शोधला, तिला खांद्यावर टाकलं आणि दार कुठे आहे ते न बघता धावला. ती जागी झाली नाही. खालच्या जिन्यात तिला पायरीवर निजवून तो तिच्या उशाशी बसून राहिला. वरून आवाज आला नाही. एकदाही नाही. तेच जास्त वाईट होतं, म्हणतो.

उजाडल्यावर तो हत्यारांच्या बॅगेसाठी वर गेला. दार उघडंच होतं. अण्णा खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले होते. डोळे टक्क उघडे. डावा हात मांडीवर, मनगट उघडं. पट्ट्याच्या जागी फिकट चामडी.

खुर्ची पुन्हा खाली होती.

टेबलावर माऊस होता. वायर तशीच गुंडाळलेली, कशालाच न जोडलेली. टेस्टरने खिशात हात घातला. खिसा रिकामा. त्याने दोन बोटांनी माऊस उचलला. खाली घड्याळ होतं, पट्टा दोन्ही बाजूंना नीट पसरलेला, लाल काटा फिरत होता. त्याने माऊस होता तसा परत ठेवला आणि बॅग न घेताच खाली आला.

धाकटी दुपारी जागी झाली. कुठे आहोत, विचारलं. मग त्याच कपड्यांवर मावशीच्या गावची बस धरली. टेस्टर तिला सोडायला स्टँडवर गेला होता. बस सुटायच्या आत ती खिडकीला डोकं लावून झोपली होती.

सोमवारी मालकांनी टेस्टरला विचारलं काय, तर, “मशीन झोपलं का?”

नाही झोपलं. अजून झोपलेलं नाही. शेजारी सांगतात, त्या खोलीतला पंखा रात्रंदिवस चालू असतो, खुर्चीवर कोणी नसतं. कंपनीचा फोन आजवर आलेला नाही, त्या अर्थी ठिपका हिरवा असणार. अण्णा दाराबाहेर खाटेवर बसून असतात. आत जात नाहीत. कोणाला ‘ऊठ’ म्हणत नाहीत. मुलीला फोन लावतात. ती उचलत नाही.

अण्णांना दोन मुलं होती. दोन्ही गेली.